खांदा ठरवावा डोळ्याने

महाराष्ट्रात नेमबाजी म्हटलं की रायफल आणि पिस्तूल आठवतं. कोल्हापूरने तेजस्विनी सावंत आणि राही सरनोबत दिल्या, तिथल्याच स्वप्नील कुसळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक मिळवलं. शॉटगन त्या मानाने आपल्याला दूरची, जरी राज्यवर्धनसिंह राठोड यांचं २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमधलं रौप्यपदक याच बंदुकीचं, डबल ट्रॅपमधलं, होतं. या खेळाकडे नव्याने वळणाऱ्याला पहिल्याच दिवशी एक प्रश्न विचारला जायला हवा आणि तो अनेकदा विचारला जात नाही: तुमचा कोणता डोळा प्रबळ आहे? त्याऐवजी विचारलं जातं, की तुम्ही उजवे की डावखुरे? उत्तर ‘उजवा’ आलं की बंदूक उजव्या खांद्याला लागते. ही रीत बदलायला हवी, असं माझं ठाम मत आहे. शॉटगनचा खांदा हाताकडे बघून न ठरवता डोळ्याकडे बघून ठरवावा. हात आणि डोळा विरुद्ध बाजूंचे निघाले, तर नवशिक्याने खांदाच बदलावा. वर्षानुवर्षं एका खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्याने चष्म्याच्या काचेवर लहानसा ठिपका लावून मार्ग काढावा. एक डोळा मिटणं हा उपाय त्यानंतरचा.

हा प्रश्न शॉटगनमध्येच एवढा मोठा का होतो, हे आधी समजून घेऊ. रायफलला नेम धरण्यासाठी दोन खुणा असतात, एक डोळ्याजवळ आणि एक नळीच्या टोकाशी. लक्ष्य स्थिर असतं, वेळ हाताशी असतो आणि दुसऱ्या डोळ्यासमोर पट्टी लावून त्याला कामातून वगळता येतं. शॉटगनला मागची खूण नसतेच. नळीच्या टोकावर एक बारीकसा मणी असतो, नेमबाज त्याला बीड म्हणतात. मागच्या खुणेचं काम खुद्द डोळा करतो. त्यासाठीच गाल दस्त्यावर दर वेळी त्याच जागी टेकावा लागतो आणि दस्ता नेमबाजाच्या अंगाला बेतलेला असावा लागतो. शिवाय लक्ष्य पळतं असतं. क्ले म्हणून ओळखली जाणारी ती तबकडी ११० मिलिमीटर व्यासाची आणि १०५ ग्रॅम वजनाची. ट्रॅप या स्पर्धाप्रकारात ती नेमबाजापासून दूर पळते आणि पहिला बार साधारण सेकंदाच्या आत काढावा लागतो. तेवढ्या वेळात बीडकडे बघत बसायला सवड नाही. नजर तबकडीवर खिळलेली असते, बीड धूसर दिसतो आणि बंदूक नजरेच्या मागोमाग फिरते. इथेच डोळ्यांची अडचण सुरू होते. दोन्ही डोळे दूरवर लागलेले असताना जवळच्या वस्तूच्या दोन प्रतिमा दिसतात. हात लांब करून एक बोट उभं धरा आणि पलीकडच्या भिंतीकडे पाहा, बोटं दोन दिसतील. नेमबाजालाही नळीची दोन टोकं दिसत असतात. त्यातलं खरं कोणतं धरायचं याचा निवाडा मेंदू करतो आणि बहुतेक माणसांमध्ये तो ठरावीक एका डोळ्याच्या बाजूने देतो. तो प्रबळ डोळा.

ही गोष्ट माणसाला फार आधीपासून ठाऊक आहे. इटलीतल्या जामबात्तिस्ता देला पोर्ता या अभ्यासकाने १५९३ मध्येच ती लिहून ठेवली. १९३० मध्ये अमेरिकी मानसशास्त्रज्ञ वॉल्टर माइल्स यांनी प्रौढांमधल्या डोळ्याच्या प्राबल्यावर लिहिलं आणि त्यांच्या नावाची चाचणी आजही वापरली जाते. ती घरीही करता येते. दोन्ही हात समोर ताणून तळवे एकमेकांवर असे आणा की मध्ये रुपयाएवढी फट राहील. दोन्ही डोळे उघडे ठेवून त्या फटीतून खोलीच्या पलीकडचं घड्याळ किंवा दाराची कडी पाहा. हात न हलवता आता एकेक डोळा आळीपाळीने मिटा. ज्या डोळ्याला वस्तू दिसत राहते तो तुमचा प्रबळ डोळा. ढोबळमानाने दोन तृतीयांश लोकांचा उजवा डोळा प्रबळ असतो आणि जवळपास एक तृतीयांश लोकांचा डावा. उजव्या हाताची माणसं मात्र दहात नऊ. म्हणजे हात उजवा आणि डोळा डावा अशी माणसं थोडीथोडकी नाहीत. यात आजार कसलाच नाही आणि चष्म्याच्या नंबराशीही याचा थेट संबंध नाही. रोजच्या व्यवहारात यामुळे काही अडत नाही, त्यामुळे कित्येकांना आपला प्रबळ डोळा कोणता हे कधी कळतही नाही. एका डोळ्याला लांबचं आणि दुसऱ्याला जवळचं दिसावं अशी लेन्स बसवताना नेत्रतज्ज्ञ मात्र याची आवर्जून चौकशी करतात आणि बहुधा प्रबळ डोळा लांबच्या नजरेसाठी राखतात.

डोळा चुकीचा निघाला तर बार किती चुकतो, हे साध्या गणिताने काढता येतं. दोन बुबुळांमधलं अंतर प्रौढ माणसात सरासरी सव्वासहा सेंटिमीटर असतं. बंदूक उजव्या खांद्यावर आहे, नळी उजव्या डोळ्याच्या रेषेत आहे आणि बीड डोळ्यापासून सुमारे एक मीटरवर आहे, असं धरू. डाव्या डोळ्याने त्याच बीडची तबकडीशी सांगड घातली, तर ती रेषा नळीला तिरकी छेदून उजवीकडे जाते. तीस मीटरवर नळीचा रोख आणि तबकडी यांच्यात पावणेदोन मीटरहून अधिक अंतर पडतं आणि छर्रे तबकडीच्या डावीकडून निघून जातात. छर्ऱ्यांचा फैलाव मोजताना प्रघाताप्रमाणे धरलं जाणारं वर्तुळ पंचाहत्तर सेंटिमीटर व्यासाचं असतं, हे लक्षात घेतलं म्हणजे चूक केवढी आहे ते कळेल. खरा त्रास तर याहून वेगळा आहे. दर वेळी चूक एवढीच झाली असती, तर सवयीने ती भरून काढता आली असती. पण मेंदू एका बारला उजव्या डोळ्याचं ऐकतो, दुसऱ्याला डाव्याचं आणि कधी दोन्हींच्या मधलं काहीतरी धरतो. नेमबाजाला तबकडी स्पष्ट दिसलेली असते, हात स्थिर असतात, तरी ती का निसटली हे उमगत नाही. मग तो कधी काडतुसाला दोष देतो, कधी स्वतःला. अशा माणसाला ‘सराव वाढव’ एवढंच सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे, कारण तो ज्या चुकीचा सराव करतो आहे ती त्याच्या हातांची नाहीच.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे: मग डावा डोळा मिटून घ्यावा, प्रश्न मिटला. हा उपाय फुकटचा आहे, लगेच लागू पडतो आणि एका डोळ्याने उत्तम नेम धरणारी माणसं आहेत, हे मान्य करायलाच हवं. तीस मीटरवरचा अंदाज केवळ दोन डोळ्यांच्या जोडदृष्टीवर अवलंबून नसतो, हेही खरं. वस्तूचा आकार आणि तिची गती यांवरून एकटा डोळाही पुष्कळ ओळखतो. पण त्याची किंमत मोजावी लागते. एक डोळा मिटला की त्या बाजूच्या दृश्याची कड नाहीशी होते. अंधुक पार्श्वभूमीवरची फिकट वस्तू दोन डोळ्यांना एकापेक्षा सुमारे चाळीस टक्के अधिक सहज जाणवते. ढगाळ सकाळी झाडांच्या रांगेसमोरून जाणारी तबकडी हेरताना हा फरक लहान नाही. ट्रॅपमध्ये तर आणखी एक अडथळा येतो. तिथे बंदूक खांद्याला लावूनच तबकडी मागवतात आणि तबकडी खालून वर येते. दोन्ही डोळे उघडे असले तर नळीने एका डोळ्यापासून झाकलेली जागा दुसऱ्याला दिसते. एकच डोळा उघडा असेल तर नळी स्वतःच आड येते, म्हणून असे नेमबाज नळी खाली धरून सुरुवात करतात आणि मग त्यांना तबकडीला गाठायला अधिक अंतर कापावं लागतं. मिटलेल्या डोळ्याभोवतीच्या स्नायूंचा ताण दिवसभराच्या स्पर्धेत जाणवतो तो वेगळाच.

खांदा बदलावा म्हटलं की दुसरा आक्षेप येतो: उजव्या माणसाने डाव्या खांद्यावरून बंदूक चालवणं अनैसर्गिक आहे. ज्या समाजात डाव्या हाताने जेवणाऱ्या मुलाला आजही टोकलं जातं, तिथे हा आक्षेप खोलवर रुजलेला असणं समजण्यासारखं आहे. पण शॉटगन चालवताना कोणता हात काय करतो ते पाहा. मागचा हात दस्त्याची मूठ धरतो आणि चाप ओढतो. पुढचा हात नळीखाली असतो आणि बंदुकीला दिशा देण्याचं मोठं काम तोच करतो. म्हणजे उजव्या हाताच्या माणसाने बंदूक डाव्या खांद्याला लावली, तर त्याचा अधिक कुशल हात नळीला वळण देणाऱ्या जागी येतो. आपण ज्याला तोटा समजतो, त्यात हा एक स्पष्ट फायदा आहे. क्रिकेटमध्ये तर आपण हे रोज पाहतो. सांगलीची स्मृती मानधना चेंडू उजव्या हाताने फेकते आणि फलंदाजी डावखुरी करते. तिच्या फटक्यांत अनैसर्गिक काही आहे, असं कोणी म्हणणार नाही. हाताला नवं वळण लावता येतं, विशेषतः जुनं पक्कं झालेलं नसताना. प्रौढ मेंदूने कोणत्या डोळ्याचं ऐकावं हे मात्र नुसत्या निश्चयाने बदलता येत नाही. दोघांपैकी ज्याला शिकवता येतं त्याने जुळवून घ्यावं, हाच शहाणपणा.

बंदुकीची अडचणही वाटते तेवढी मोठी नाही. ट्रॅप आणि स्कीट या शॉटगनच्या स्पर्धाप्रकारांसाठी बहुतेक वापरली जाणारी वर-खाली दोन नळ्यांची, मध्ये मोडून उघडणारी बंदूक काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्या सरळ मागे टाकते, त्यामुळे यंत्रणेच्या दृष्टीने ती दोन्ही खांद्यांना चालते. अर्धस्वयंचलित बंदुकीतली पुंगळी मात्र बहुधा उजवीकडे उडते, म्हणजे डाव्या खांद्यावर ती धरणाऱ्याच्या चेहऱ्यासमोरून. दस्ता मात्र पाहून घ्यावा लागतो. उजव्यांसाठीच्या दस्त्याला किंचित बाहेर कल दिलेला असतो आणि मुठीला उजव्या तळव्यासाठी फुगवटा असू शकतो. तोच दस्ता डाव्या खांद्याला लावला तर डोळा नळीच्या रेषेत येणार नाही आणि दोष पुन्हा शिकणाऱ्याच्या माथी बसेल. कल नसलेला किंवा गालाची बाजू जुळवून घेता येणारा दस्ता नवशिक्यासाठी उपलब्ध ठेवणं क्लबांना अशक्य नाही.

वीस वर्षं उजव्या खांद्यावरून बंदूक चालवणाऱ्याची गोष्ट वेगळी आहे. त्याचे पाय, कंबर, गाल, वेळेचा अंदाज, सगळं एका बाजूला मुरलेलं असतं. त्याने खांदा बदलणं म्हणजे पुन्हा पहिल्यापासून शिकणं. त्याच्यासाठी उत्तम उपाय स्वस्त आहे: नेमबाजीच्या चष्म्याच्या डाव्या काचेवर धूसर चिकटपट्टीचा, एखाद्या लहान नाण्याएवढा किंवा त्याहूनही छोटा ठिपका. बंदूक रिकामी आहे याची खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून ती खांद्याला लावावी, उजवा डोळा मिटावा आणि डाव्या डोळ्याला बीड दिसेनासा होईल अशा जागी ठिपका सरकवावा. पट्टी काळी नसावी. धूसर पट्टीतून उजेड आत येत राहतो आणि डावा डोळा कडेचं दृश्य पाहत राहतो, नळीच्या टोकापुरताच तो बाद होतो. स्कीटमध्ये या उपायाचं मोल विशेष कळतं. तिथे तबकडी दिसेपर्यंत बंदूक खाली धरायचा नियम आहे आणि मागणी केल्यावर तबकडी शून्य ते तीन सेकंदांत कधीही सुटते. त्या वेळात दोन्ही डोळ्यांनी मोकळेपणी पाहता येतं. गाल दस्त्यावर टेकला की ठिपका आपोआप आपल्या जागी येतो. सरळ मागून पाहणाऱ्या डोळ्यालाच चमकणारा, नळीत बसवलेल्या प्रकाशतंतूचा बीड हाही काहींना उपयोगी पडतो, पण त्यामुळे नजर तबकडीवरून बीडकडे ओढली जाण्याचा धोका असतो. खांदा उजवा आणि डोळा डावा जुळावा म्हणून वाकडे दस्ते घडवण्याची कला ब्रिटिश बंदूककारांनी जोपासली. ती अद्भुत आहे, पण खर्चिक आणि सामान्य नेमबाजाच्या आवाक्याबाहेरची.

तिसरा आक्षेप सगळ्यांत विचार करण्यासारखा आहे: डोळ्याचं प्राबल्य मुळात तेवढं पक्कं असतं का? काही माणसांत दोन्ही डोळे जवळपास समान असतात. २००१ मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी दाखवलं, की नजर डावीकडे किंवा उजवीकडे बरीच वळली की प्राबल्यही एका डोळ्याकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतं. मोतीबिंदूने प्रबळ डोळा अंधुक झाला, तर दुसरा पुढाकार घेऊ शकतो. हे सगळं खरं आहे, पण त्यातून निघणारा निष्कर्ष चाचणी सोडून द्यावी असा नाही. ती नीट करावी आणि पुन्हा करावी, असा आहे. लक्ष्य समोर आणि दूर ठेवून ती अनेकदा करावी. नंतर पत्र्याच्या किंवा कागदाच्या स्थिर फलकावर, दोन्ही डोळे उघडे ठेवून काही बार काढून छर्रे कुठे बसतात ते पाहावं. उजव्या खांद्यावरून सुटलेले छर्रे सतत डावीकडेच बसत असतील, तर आधी दस्त्याचं माप तपासावं आणि मग डाव्या डोळ्यावर एकदा ठिपका लावून पाहावा. छर्ऱ्यांची जागा बदलली की निदान पक्कं झालं. केवळ पळत्या तबकड्या हुकतात म्हणून डोळ्याला दोष देऊ नये, कारण बार काढताना बंदूक थांबवण्याच्या सवयीनेही तबकडी निसटते. ‘फक्त तबकडीकडे बघा, बाकी विसरा’ हा जुन्या उस्तादांचा सल्लाही चुकीचा नाही. मात्र ज्याचा डोळा बंदुकीच्या बाजूचा आहे त्यालाच तो पूर्ण फळतो. इतरांना आधी डोळा आणि नळी एका रेषेत आणावी लागते.

या चाचणीला पाच मिनिटं लागतात आणि चिकटपट्टीला काही रुपये. शॉटगनचं प्रत्येक काडतूस पैसा खातं, सरावाची मैदानं मोजकी आहेत आणि परवान्याच्या कायद्यामुळे शिकणाऱ्याला क्लबच्या बंदुकीवरच अवलंबून राहावं लागतं. चुकीच्या खांद्यावर घालवलेला हंगाम आपल्याकडे म्हणूनच फार महाग पडतो. प्रत्येक प्रशिक्षकाने नव्या विद्यार्थ्याच्या नोंदवहीत हाताआधी डोळ्याची नोंद करावी. विरुद्ध डोळ्याच्या मुलाला डावा खांदा सुचवताना घरच्यांना त्याचं कारण नीट समजावून सांगावं. जुन्या नेमबाजाची तबकडी विनाकारण हुकू लागली तर त्याचे डोळे पुन्हा तपासावेत. एवढं झालं, तर नशिबाच्या किंवा गुणवत्तेच्या नावावर खेळ सोडून जाणाऱ्यांपैकी काही जण नक्की टिकतील.