विकले नाहीत, मग दाखवायचे कशाला?

नेरळ ते माथेरान ही छोटी गाडी १९०७ साली धावू लागली ती आदमजी पीरभाई यांच्या पैशावर. त्या काळी रेल्वेत पैसा घालायचा तर पीरभाईंएवढी ऐपत लागायची. आज नेरळच्या फलाटावर उभा असलेला माणूस फोनवरून कॅनडियन नॅशनल रेल्वेचा एखादा शेअर घेऊन तिचा चिमूटभर मालक होऊ शकतो, आणि काही जण होतातही. मे महिन्याचा सीझन संपतो, लॉजचे हिशेब जुळतात, पाऊस लागतो, घाटातली गाडी बंद होते. मग माथेरानकरांच्या हाती वेळ असतो आणि थोडा पैसाही. कुणाचा मुलगा ब्रॅम्प्टनला शिकत असतो, कुणाची भाची टोरांटोत नोकरीला असते. तिकडून सल्ला येतो, “इकडच्या बँका बुडत नाहीत, थोडे घेऊन ठेवा.” घेतले जातात. आणि रिटर्न भरायच्या दिवसांत एक वाक्य हमखास कानावर पडतं.

गैरसमज: “थोडेसेच शेअर आहेत, विकलेलेही नाहीत. रिटर्नमध्ये दाखवायचे कशाला?”

हे वाक्य कर्जतला ऐकलं, खोपोलीला ऐकलं, माथेरानच्या बाजारपेठेत तर चहाच्या टपरीवरही ऐकलं. बोलणारा प्रत्येक जण ठामपणे बोलतो, कारण भारतीय शेअरच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे. रिलायन्सचे दहा शेअर डीमॅटमध्ये पडून असले आणि विकले नाहीत, तर सर्वसाधारण करदात्याला त्यांची नोंद रिटर्नमध्ये करावी लागत नाही. तोच नियम माणूस कॅनडाच्या शेअरला लावतो आणि तिथेच फसतो.

वस्तुस्थिती: तुम्ही भारताचे सर्वसाधारण रहिवासी असाल, तर परदेशातली प्रत्येक मालमत्ता रिटर्नच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये लिहावी लागते. विकली की नाही, नफा झाला की तोटा, लाभांश आला की नाही, याचा इथे काही संबंध नाही. एक शेअर असला तरी लिहायचा. ॲपवरून अर्धाच शेअर घेतला असेल, तर तो अर्धाही.

लिहायचं काय, तेही पाहून घ्या. कंपनीचं नाव आणि पत्ता, देश, शेअर घेतल्याची तारीख, घेतानाची किंमत, वर्षभरातली सर्वाधिक किंमत, वर्षअखेरची किंमत, आलेला लाभांश आणि विकला असेल तर मिळालेली रक्कम. हे सगळं रुपयांत, स्टेट बँकेच्या टीटी खरेदी दराने. आणि यातलं वर्ष आपलं एप्रिल-मार्चचं नसून कॅलेंडर वर्ष असतं. २०२५-२६ च्या रिटर्नमध्ये १ जानेवारी ते ३१ डिसेंबर २०२५ मधली मालमत्ता येते. फेब्रुवारी २०२६ मध्ये घेतलेला शेअर पुढच्या खेपेला. ब्रोकरकडून मार्चअखेरचं स्टेटमेंट काढून आणणारे बरेच असतात. ते लाभांशाच्या हिशेबाला उपयोगी पडतं, शेड्यूल एफएला नाही.

माथेरानच्या माणसाला यात एक खास अडचण येते. इथल्या लॉजवाल्यांपैकी, दुकानदारांपैकी बरेच जण अंदाजित उत्पन्नाच्या योजनेत बसतात. उलाढालीच्या ८ टक्के, किंवा बँकेतून, यूपीआयवरून आलेल्या पैशावर ६ टक्के नफा दाखवायचा आणि सुटसुटीत आयटीआर-४ भरून मोकळं व्हायचं. परदेशातला एक शेअर नावावर आला की हा फॉर्म बंद. आयटीआर-१ सुद्धा बंद. पगारदाराला आयटीआर-२ आणि धंदेवाल्याला आयटीआर-३ भरावा लागतो. अंदाजित उत्पन्नाची सवलत त्यातही मिळते, पण फॉर्म तोच हवा. आयटीआर-४ मध्ये शेड्यूल एफए नाहीच, त्यामुळे “मी रिटर्न भरला की” असं म्हणूनही सुटका होत नाही.

आणखी पुढे: “बायकोच्या नावावर घेतलेत, तिला उत्पन्नच नाही, रिटर्नचा प्रश्न येतो कुठे?” येतो. परदेशात मालमत्ता असलेल्या रहिवाशाला उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या खाली असलं तरी रिटर्न भरणं बंधनकारक आहे. म्हणजे पाच हजार रुपयांचा शेअर घेऊन तुम्ही घरातला एक नवा करदाता तयार केलात. मुलाला भेटायला गेलेल्या वडिलांचं नाव त्याच्या तिकडच्या बँक खात्यात जोडलेलं असतं, सहीचा अधिकारही दिलेला असतो. तेही शेड्यूल एफएमध्ये येतं. खात्यातला एक डॉलरही आपला नाही, असं म्हणून ते टळत नाही.

“त्यांना कळणार कसं?” हा पुढचा प्रश्न. अहो, कळतं! आर्थिक खात्यांची माहिती आपोआप देण्याघेण्याच्या आंतरराष्ट्रीय व्यवस्थेत भारत २०१७ पासून आहे, कॅनडा २०१८ पासून. अमेरिकेशी भारताचा याच कामासाठी वेगळा करार २०१५ मध्ये झाला. त्यामुळे शेअर टोरांटोत घेतला काय आणि न्यूयॉर्कमधून घेतला काय, खात्याची माहिती दिल्लीला पोचते. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने नोव्हेंबर २०२४ मध्ये अशाच माहितीच्या आधारे करदात्यांना एसएमएस आणि ईमेल पाठवले. त्यानंतर २४,६७८ करदात्यांनी आपले रिटर्न सुधारले आणि २९,२०८ कोटी रुपयांची परदेशी मालमत्ता समोर आली. हे आकडे मंडळाने स्वतः जाहीर केलेले आहेत.

न दाखवल्यास काय? २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली १० लाख रुपये दंड होऊ शकतो. इथे अर्धी माहिती असलेले लगेच म्हणतात, “२० लाखांपर्यंत सूट आहे ना?” आहे, पण ती दंडातून. १ ऑक्टोबर २०२४ पासून, स्थावर सोडून बाकीच्या परदेशी मालमत्तेची एकूण किंमत २० लाखांच्या आत असेल, तर हा १० लाखांचा दंड लागत नाही. नोंद करण्यातून सूट कुणी दिलेली नाही. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या आयकर कायद्यात कलमांचे आकडे बदलले, जबाबदारी बदललेली नाही.

या सगळ्याच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, आणि ती लक्षात राहिली तर बाकीचे बरेच गैरसमज आपोआप सुटतात. शेअरवरचा कर आणि कागदपत्रं कंपनीच्या पत्त्यापेक्षा तुमच्या पत्त्यावर ठरतात. ब्रॅम्प्टनचा मुलगा त्याच्यासाठी बरोबर बोलत असतो. तुमचा पत्ता मात्र माथेरानचा असतो.

गैरसमज: “तिकडे कर कापला, आता इकडे काही नाही.” किंवा उलट, “दोन्हीकडे कर, म्हणजे लूटच!”

दोन्ही चूक. १०० डॉलर लाभांश आला असं धरा. भारत-कॅनडा करारानुसार आपल्यासारख्या वैयक्तिक गुंतवणूकदाराच्या लाभांशातून २५ टक्के तिकडेच कापले जातात, हाती ७५ येतात. इंटरनेटवर १५ टक्के वाचून आलेले भांडतात. तो दर अमेरिकेच्या रहिवाशांसाठी आहे. आपल्या करारातही १५ टक्के आहेत, पण कॅनडाच्या कंपनीत किमान १० टक्के मताधिकार असलेल्या भारतीय कंपनीसाठी.

आता भारतात उत्पन्न म्हणून धरायचे ते पूर्ण १०० डॉलर, ७५ नव्हेत. तुम्ही ३० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर इथला कर ३०. त्यातून कॅनडात गेलेले २५ वजा होतात आणि वर ५ भरायचे. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर इथला कर २०, म्हणून वजावट २० चीच मिळते. जास्तीचे ५ गेले, ते ना कॅनडा परत देतो ना भारत. (सेस हिशेबात धरलेला नाही.) ही वजावटही आपोआप मिळत नाही. तिच्यासाठी फॉर्म ६७ आणि कर कापल्याचा पुरावा लागतो. म्हणूनच कमी उत्पन्नाच्या माणसाने केवळ लाभांशासाठी कॅनडाच्या बँका घेण्याआधी हे गणित कागदावर मांडावं.

गैरसमज: “विकल्यावर सव्वा लाखापर्यंत नफा माफ.”

ती सूट भारतीय बाजारातल्या शेअरची आणि इक्विटी फंडांची. परदेशी शेअर २४ महिन्यांहून जास्त ठेवला तर नफ्यावर १२.५ टक्के, त्याआधी विकला तर तुमच्या टप्प्याप्रमाणे कर. नफा मोजायचा रुपयांत, त्यामुळे शेअर जागच्या जागी राहिला आणि डॉलर वधारला, तरी कर लागू शकतो. बाजारात नोंदलेल्या शेअरच्या किरकोळ विक्रीवर कॅनडा अनिवाशांकडून साधारणपणे भांडवली नफ्याचा कर घेत नाही. म्हणून इकडे वजा करायलाही काही उरत नाही.

गैरसमज: “पैसे पाठवले की २० टक्के सरकार खातं.”

वर्षाला १० लाखांपर्यंत पाठवल्यास काहीच कापलं जात नाही. त्यावरच्या रकमेवर गुंतवणुकीसाठी बँक २० टक्के टीसीएस घेते, पण तो तुमच्याच पॅनवर जमा होतो. करात वळता करून घ्या किंवा परतावा मागा. पैसा काही महिने अडकतो, एवढाच त्रास.

बाकीचे, थोडक्यात

“परदेशी शेअर घेणं बेकायदा आहे.” नाही. रिझर्व्ह बँकेची उदारीकृत प्रेषण योजना २००४ पासून आहे. सध्या एका रहिवाशाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात. उधारीवर, मार्जिनवर सट्टा खेळायला मात्र ती नाही.

“पाठवलेले डॉलर खात्यात ठेवू, भाव पडला की घेऊ.” न गुंतवलेले पैसे १८० दिवसांत परत आणावे लागतात.

“मुलाच्या टीएफएसए खात्यात माझे पैसे टाकतो, सगळं करमुक्त.” टीएफएसए म्हणजे तिकडचं करमुक्त बचत खातं, आणि ते कॅनडाच्या रहिवाशाचं असतं. तुम्ही दिलेले पैसे कायद्याने त्याला दिलेली भेट, शेअर त्याचे. शिवाय तो कायमचा परत आला आणि भारताचा सर्वसाधारण रहिवासी झाला, की तिकडच्या करमुक्त उत्पन्नावर इकडे कर लागतो.

“परत आल्यावर तिकडचे शेअर विकावेच लागतात.” नाही. परदेशात राहत असताना घेतलेली मालमत्ता परतल्यावर ठेवायला फेमा कायद्याचं कलम ६(४) परवानगी देतं.

“न्यूयॉर्कच्या बाजारातून घेतला, आता मेल्यावर अमेरिकेचा वारसा कर.” रॉयल बँक किंवा एनब्रिज न्यूयॉर्कमध्येही विकत मिळतात, पण त्या कॅनडाच्या कंपन्या आहेत. हा कर अमेरिकी कंपन्यांच्या शेअरवर, ६० हजार डॉलरच्या वर लागतो. अमेरिकेत नोंदलेला कॅनडा-केंद्री ईटीएफ मात्र त्यात येतो. नाव वाचून फसू नका.

“ब्रुकफिल्ड इंडिया रीट घेतली, म्हणजे कॅनडात गुंतवणूक झाली.” प्रवर्तक कॅनडाचे, इमारती भारतातल्या, पवईचं केन्सिंग्टनही त्यातच. २०२१ पासून ती मुंबईच्या बाजारात आहे. उलट बाजूने, टोरांटोच्या बाजारातली फेअरफॅक्स इंडिया घ्याल तर बंगळूर विमानतळात पैसा लावाल. परदेशात पैसा पसरवायचा म्हणून गेलात आणि भारतच विकत घेऊन आलात, असं होऊ देऊ नका.

“कॅनडाचे शेअर बुडत नाहीत.” बँक ऑफ मॉन्ट्रियल १८२९ पासून लाभांश देते आहे, हे खरं. पण नॉर्टेलही कॅनडाचीच. २००० साली टोरांटोच्या मुख्य निर्देशांकाचा तिसऱ्या हिश्शाहून जास्त भार तिच्या एकटीवर होता, शेअर १२४ डॉलरवर गेला होता. २००२ मध्ये तो एका डॉलरच्या खाली आला आणि २००९ मध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला. कॅल्गरीच्या ब्री-एक्स कंपनीने बोर्नियोत प्रचंड सोनं सापडल्याचं सांगितलं. खडकाच्या नमुन्यांत बाहेरून सोनं मिसळलं होतं, हे १९९७ मध्ये उघड झालं तोवर कंपनीची किंमत सहा अब्ज कॅनेडियन डॉलरवर गेली होती. व्हॉट्सॲपवर कॅनडाच्या सोन्याच्या खाणीची ‘टिप’ आली, तर एवढं आठवा.

शेअर घ्यायचे की नाही, हा तुमचा प्रश्न. घेतले असतील, तर या वेळी रिटर्न भरायला जाताना जानेवारी ते डिसेंबरचं स्टेटमेंट सोबत न्या आणि कर सल्लागाराने विचारायच्या आधी स्वतःहून सांगा. मागच्या वर्षी नोंद राहिली असेल आणि सुधारित रिटर्नची मुदत संपलेली नसेल, तर तो भरून टाका. नोटीस आल्यावर धावण्यापेक्षा हे स्वस्तात पडतं.