भाजल्यावर पक्का

माळ्यावर आजीची लोखंडी शेगडी पडून होती. मागच्या थंडीत वांगी भाजायला म्हणून ती खाली काढली, पॉलिशपेपरने गंज घासला आणि ग्रिलसाठी आणलेल्या काळ्या ऑइलपेंटचे उरलेसुरले दोन हात मारले. ग्रिलच्या लोखंडाला चालतो तो शेगडीच्या लोखंडाला का चालू नये, एवढाच माझा हिशोब. दुसऱ्या दिवशी गच्चीवर कोळसे पेटवले. दहा मिनिटांत रंगाला फोड आले, मग पोपडे सुटले, मग असा काही धूर निघाला की वांगी तिथेच टाकून सगळे पाण्याच्या टाकीमागे पळाले.

हार्डवेअरवाल्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "सायलेन्सरचा रंग न्यायचा होता, साहेब," म्हणाला आणि एक स्प्रेचा डबा पुढे सरकवला. डब्यावर लिहिलं होतं, 600 अंश सेल्सिअस.

हा आकडा मी सहज वाचला आणि मग जरा थबकलो. शिसं 327 अंशांना वितळतं, जस्त 420 ला. 525 च्या आसपास खुद्द लोखंड अंधारात मंद लाल दिसायला लागतं. म्हणजे लोखंड लालसर झालं तरी त्यावरचा रंग जागचा हलणार नाही, असा या तीनशे-चारशे रुपयांच्या डब्याचा दावा. रंग म्हणजे काही दगड नव्हे. पातळ, चिकट, थिनरचा वास मारणारा द्रव तो. मग तो जळत कसा नाही?

उत्तर शोधायला बसलो तेव्हा कळलं की तो जळतोच. गंमत त्याच्या जळण्यातच आहे.

कुठल्याही रंगात मुख्यतः दोन गोष्टी असतात: रंग देणारी पूड आणि ती पूड पृष्ठभागाला धरून ठेवणारी राळ. नेहमीच्या ऑइलपेंटमधली राळ जवस, सोयाबीन अशा तेलांपासून तयार करतात. तिचा कणा कार्बनचा. कार्बनचे अणू एकमेकांना धरून असतात, पण धग दीडशे-दोनशे अंशांच्या पुढे गेली की ही साखळी पिवळी पडते, तपकिरी होते, शेवटी कोळसा होते. थोडक्यात, मी शेगडीला रंग दिला नव्हता, तेल करपवलं होतं.

सायलेन्सरच्या रंगातली राळ सिलिकोनची. तिचा कणा सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांचा: एक सिलिकॉन, एक ऑक्सिजन, पुन्हा सिलिकॉन, पुन्हा ऑक्सिजन. नदीच्या वाळूत, काचेत, गारगोटीत हीच जोडी असते. हा बंध तोडायला दर मोलमागे साधारण 450 किलोज्यूल लागतात, कार्बन-कार्बनचा साधा बंध तोडायला साधारण 350. शिवाय इथला सिलिकॉन ऑक्सिजनशी आधीच जोडलेला असतो, त्यामुळे कण्यापुरतं तरी हवेला जाळायला फारसं काही उरत नाही. मग हा वाळूचा कणा डब्यात पातळ कसा राहतो? त्याच्या दोन्ही अंगांना कार्बनचे छोटे गट लटकवलेले असतात म्हणून. त्यांच्यामुळे तो थिनरमध्ये विरघळतो, फवारता येतो, पत्र्यावर पसरतो.

रंग पहिल्यांदा तापतो तेव्हा आधी या साखळ्या एकमेकींना जोडल्या जातात आणि जोडताना थोडं पाणी सोडतात. आच आणखी वाढली की बाजूचे कार्बनचे गट जळून जायला लागतात. येणारा वास आणि धूर त्यांचाच. मागे उरते सिलिकॉन-ऑक्सिजनची जाळी, रंगाचे कण पोटात घट्ट धरलेली. द्रव म्हणून मारलेल्या रंगाचा असा दगडाच्या जातीचा एक पापुद्रा होतो. कुंभाराच्या आव्यात कच्चं मडकं पक्कं होतं, तसाच हा प्रकार. फरक इतकाच की इथे आवा म्हणजे तुमचीच शेगडी आणि भाजायचं काम दुकानदाराने तुमच्यावर सोपवलेलं.

या राळेला जन्म देणारा माणूस तिच्यावर फारसा खूश नव्हता. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमचे रसायनशास्त्रज्ञ फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून पुढची कित्येक वर्षं सिलिकॉनची संयुगं तयार करण्यात घालवली. 'सिलिकोन' हे नावही त्यांनीच रूढ केलं. किटोन नावाच्या संयुगांशी सूत्रापुरतं साम्य होतं म्हणून ते दिलेलं; गुण अगदीच वेगळे निघाले, पण नाव चिकटलं. त्यांना हवे होते स्वच्छ स्फटिक. चंचुपात्राच्या तळाशी मात्र पुन्हा पुन्हा चिकट गोळाच जमे. 1930 च्या दशकात, कारकिर्दीच्या शेवटी, या संयुगांचा नजीकच्या काळात व्यवहारात काही उपयोग होईलसं दिसत नाही, असं त्यांनी भर व्याख्यानात सांगून टाकलं. लगेच पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या कॉर्निंग आणि जनरल इलेक्ट्रिक या कंपन्यांतल्या रसायनशास्त्रज्ञांना नेमका तो चिकट गोळाच हवासा वाटला, कारण तो विजेच्या यंत्रांमधली उष्णता सोसत होता. 1943 मध्ये डाऊ कॉर्निंग ही कंपनी सिलिकोनसाठीच उभी राहिली. किपिंग 1949 पर्यंत हयात होते, त्यामुळे आपलं भाकीत उलटलेलं त्यांना पाहायला मिळालं.

राळेचं झालं. पण काळा रंग काळा राहतो कसा? मला हे कोडं राळेपेक्षाही मजेदार वाटतं. काजळी म्हणजे कार्बन, आणि कार्बन जळतो. चुलीवरून उतरवलेल्या तव्याच्या बुडाला लाल ठिणग्या पळताना दिसतात ना, 'तवा हसतोय' असं म्हणतात ते? ती काजळीच जळत असते. म्हणजे प्रखर आचेवर काजळीचा रंग टिकायचा नाही. लोखंडाचा काळा ऑक्साइड घ्यावा, तर तो हवेत तापला की हळूहळू तांबूस होतो, गेरूच्या वाटेने जातो. म्हणून वरच्या तापमानासाठी तांबं आणि क्रोमियम किंवा मँगनीज आणि लोह यांचे ऑक्साइड एकत्र करून, भट्टीत आठशे-हजार अंशांना भाजून काळी पूड करतात. जी आधीच एवढ्या आगीतून बाहेर आली, तिला आमच्या शेगडीचं काय भय?

चंदेरी रंगाची तऱ्हा निराळी. त्यात ॲल्युमिनियमचे अतिशय पातळ चपटे कण असतात. ते तरंगत वर येतात आणि छपरावरच्या कौलांसारखे एकमेकांवर रचले जातात. बॉयलरच्या धुराड्यांवर, गरम पाइपांवर दिसतो तो हाच.

मात्र काळा आणि चंदेरी ही केवळ आवडीची बाब नव्हे. काळा पृष्ठभाग उष्णता भराभर बाहेर फेकतो, चकचकीत पृष्ठभाग ती आत दाबून ठेवतो. ध्वनीच्या तिप्पट वेगाने उडणारं अमेरिकेचं एसआर-71 हे टेहळणी विमान काळं होतं, त्यामागचं एक मोठं कारण हेच. हवेच्या घर्षणाने त्याचं अंग शेकडो अंशांवर तापे आणि काळा रंग ती उष्णता बाहेर सोडून ते थोडं थंड ठेवी. थंड देशांतल्या घराघरांतले लाकूड जाळायचे बिडाचे स्टोव्हही काळेच, आणि खोली ऊबदार करणं हे तर त्यांचं कामच. असे रंग यायच्या आधी तिकडे बायका आणि मोलकरणी चुलाण्यांना ग्रॅफाइटचं काळं पॉलिश चोळून चोळून लावत. त्याला म्हणत 'काळं शिसं', आणि त्यात शिशाचा कणही नसे.

रंगवायची रीत या सगळ्यातूनच आपोआप ठरते. मीटरभर लांबीचा लोखंडी पत्रा पाचशे अंशांनी तापला की जवळपास सहा मिलिमीटर लांबतो आणि निवला की परत आक्रसतो. त्याच्याबरोबर ताणला जायचं तर रंगाचा थर पातळच हवा, एका हाताला केसाच्या तिसऱ्या हिश्श्याइतका. जाड थापला तर पोपडे ठरलेलेच. जुना रंग आणि गंज पार धातू दिसेपर्यंत काढायचा, कारण खालचा थर जळाला तर वरचा कशाला धरून राहणार? त्याच कारणाने नेहमीचा रेड ऑक्साइड प्रायमरही नको. फवारा मोकळ्या हवेत, विस्तवापासून लांब मारायचा, कारण डब्यातलं थिनर भुर्रकन पेट घेतं. रंग तासाभरात वाळल्यासारखा वाटतो, पण तो नुसता वाळलेला असतो, भाजलेला नाही. भाजायला आधी मंद आच, मग निवू द्यायचं, मग थोडी मोठी आच, आणि साधारण दोनशे अंशांवर तासभर. घरात करायचं तर सगळ्या खिडक्या सताड उघड्या. आणि अन्न जिथे टेकतं तिथे हा रंग अजिबात लावायचा नाही.

शेगडीवर दुसरा प्रयोग करताना मी एक चाचणी केली. आच देण्याआधी एका कोपऱ्यात नख ओढलं, तर मेणावर उमटावी तशी रेघ उमटली. मग चार कोळशांची आच, मग निवणं, मग शेगडीभर निखारे. वास आलाच, पण कोणी पळालं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिथेच शेजारी नख ओढलं. या वेळी रंग तसाच राहिला, नख मात्र झिजलं.

तेव्हा आजीची आठवण आली. गावच्या घरी ती रोज सकाळी चुलीवरून मातीचं पोतेरं फिरवायची. रात्रीच्या राखेने पांढुरकी झालेली, तडे गेलेली चूल पाच मिनिटांत नवी दिसायची. ती माती म्हणजे तरी काय? सिलिकॉन, ऑक्सिजन, थोडं ॲल्युमिनियम, थोडं लोह. ती ओली असताना बोटाने हवी तशी पसरायची, आणि जाळाने भाजली की टणक व्हायची. डब्यातला रंग तापून तापून शेवटी जिथे पोचतो, तिथे आजीचं पोतेरं रोज सकाळी पोचत होतं, तेही फुकटात.

शेगडीची जाळी मी रंगवली नाही. निखारे थेट तिच्यावर बसतात आणि पंख्याने वारा घातला की तिथली धग हजार अंशांच्या आसपास जाते. तिथे डब्यावरचे सहाशे कुठे पुरणार? ती होती तशीच ठेवली, गंजकी.