नेटवर्क एकाचे, हँडसेट दुसऱ्याचा

रविवारी घरात चार माणसे जमली आणि त्यांतल्या एकाचा फोन बोलता बोलता मध्येच तुटला, की गप्पांचा पुढचा विषय ठरलेलाच असतो. ‘तुमच्याकडे रेंज कुणाची चांगली?’ हा पहिला प्रश्न आणि ‘फोन बिघडला तर बदलून कोण देतं?’ हा दुसरा. पहिल्यावर प्रत्येकाचे ठाम मत असते. नेरूळवाला एक नाव घेतो, ऐरोलीवाला दुसरे. दुसऱ्या प्रश्नावर मात्र सगळेच चाचपडतात. नेटवर्कवाला म्हणतो, फोन आमचा नव्हे; फोनवाला म्हणतो, बिघाड नेटवर्कचा आहे. या दोन दारांमध्ये ग्राहकाची टोलवाटोलवी होते आणि त्याला कळेनासे होते, की आपले भांडण नेमके कुणाशी आहे.

हे कोडे सोडवायचे तर थोडे मागे जायला हवे, आणि त्यासाठी नवी मुंबईइतकी सोयीची जागा दुसरी नाही. १९९५ साली मुंबईत मोबाइल आला तो दोन कंपन्यांच्या रूपाने, मॅक्स टच आणि बीपीएल. मुंबईचा परवाना नवी मुंबईलाही लागू होता. गर्दीच्या वेळेत मिनिटाला १६ रुपये ८० पैसे मोजावे लागत आणि आलेल्या फोनचेही पैसे पडत. साहजिकच लोक फोन वाजला की आधी तो कट करत आणि मग कोपऱ्यावरचे पीसीओ गाठत. हँडसेट ज्याने त्याने स्वतः विकत घ्यायचा आणि कंपनीने फक्त सिम द्यायचे, ही रीत तेव्हाच पडली.

ती रीत मोडण्याचा पहिला मोठा प्रयत्न झाला तो ठाणे-बेलापूर रस्त्यालगतच्या कोपरखैरण्यातून. धीरूभाई अंबानी नॉलेज सिटीतून कारभार हाकणाऱ्या रिलायन्स इन्फोकॉमने २००३ च्या पावसाळ्यात हातात ५०१ रुपये घेऊन फोन द्यायला सुरुवात केली. त्याच वर्षीच्या मे महिन्यापासून येणारे फोन फुकट झाले होते. भाजीवाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत अनेकांच्या हातात फोन आला, तो या दोन गोष्टींमुळे. मात्र हे फोन सीडीएमए पद्धतीचे होते. हँडसेट आणि जोडणी यांची गाठ पक्की बांधलेली. सिम काढून दुसऱ्या कंपनीचे घालण्याची सोय नाही. जात्यासकट दळण एकाच घरचे! याचा फायदा असा, की तक्रारीला दार एकच. तोटा पुढे कळला. ती सीडीएमए सेवा गुंडाळली गेली, तेव्हा तिच्यासाठी घेतलेले चांगले चालते फोनही निरुपयोगी ठरले.

अमेरिकेत हीच गाठ वेगळ्या पद्धतीने बांधली जाते. तिथे बरीच कुटुंबे फोन नेटवर्क कंपनीकडूनच हप्त्यांनी घेतात, दरमहा विम्याचे काही डॉलर भरतात, आणि फोन फुटला वा हरवला की ठराविक रक्कम भरून दुसरा मिळवतात. न्यू जर्सीहून आलेली भाची ‘कंपनीने बदलून दिला’ असे सहज म्हणते, तेव्हा तिची ‘कंपनी’ म्हणजे नेटवर्कची कंपनी असते. २००८ मध्ये आयफोन थ्रीजी तिथे दोन वर्षांच्या करारावर १९९ डॉलरला, म्हणजे तेव्हाच्या हिशेबाने साडेआठ हजार रुपयांच्या आसपास मिळत होता. भारतात तोच फोन एअरटेल आणि व्होडाफोनने ऑगस्टमध्ये आणला, तो ३१ हजारांना. लोकांना वाटले, आपल्याला लुबाडतात. खरे असे होते, की तिथला ग्राहक उरलेली किंमत दरमहाच्या बिलातून चुकवत होता. आपण ती रोख मोजली आणि बदल्यात कराराच्या बेडीतून बरेचसे मोकळे राहिलो. मोकळीक मिळाली, पण ‘बदलून देणारा’ गेला.

म्हणूनच आपल्याकडे हँडसेटची जबाबदारी बनवणाऱ्या कंपनीची आणि विकणाऱ्या दुकानदाराची. वॉरंटीत वचन असते ते मुख्यतः दुरुस्तीचे. नवा फोन देण्याचे नव्हे. पडून फुटलेली काच, आत गेलेले पाणी हे तर बहुतेक वॉरंट्यांच्या बाहेरच असते. पावसाळ्यात वाशी स्टेशनवर भिजलेला फोन घेऊन सर्व्हिस सेंटर गाठणाऱ्याला हे नियम काउंटरवर समजतात, तेव्हा फार उशीर झालेला असतो. मात्र दोष बनावटीतलाच असेल, तर कंपनीला हात झटकता येत नाहीत. ऑगस्ट २००७ मध्ये नोकियाने बीएल-५सी या बॅटरीबद्दल जगभर इशारा दिला. एका पुरवठादाराने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या चार्ज होताना तापण्याची शक्यता होती, आणि त्या फुकट बदलून देण्याची तयारी कंपनीने दाखवली. ग्राहकाने बॅटरी काढून मागचा क्रमांक तपासायचा, एवढेच काम होते. क्रमांक जुळला तर बदली, नाही तर नाही. बदलून मिळणे हे असे क्रमांकावर ठरते, आवाज चढवण्यावर नाही.

जिओने २०१७ मध्ये जिओफोन आणला तेव्हा नेटवर्क आणि हँडसेटची गाठ पुन्हा बांधली गेली. त्या कंपनीचा कारभारही नवी मुंबईतूनच, घणसोलीच्या रिलायन्स कॉर्पोरेट पार्कमधून चालतो. १,५०० रुपये अनामत, तीन वर्षांनी फोन परत केला की पैसे परत, अशी ती योजना. घरोघरच्या आजी-आजोबांच्या हाती तो फोन आला. परताव्याच्या अटी किती घरांत वाचल्या गेल्या असतील, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

आता नेटवर्कच्या दाराकडे वळू. तिथले नियम साऱ्या कंपन्यांना सारखेच आहेत, ही गोष्ट जाहिरातींच्या गदारोळात विसरली जाते. ग्राहकाने माणसाशी बोलण्याचा पर्याय निवडला, की १०० पैकी ९५ फोन ९० सेकंदांत उचलले जावेत, हा दूरसंचार नियामक प्राधिकरणाचा, म्हणजे ट्रायचा, दंडक आहे. २०१२ च्या नियमांप्रमाणे प्रत्येक तक्रारीला क्रमांक मिळाला पाहिजे, त्याला डॉकेट नंबर म्हणतात. उत्तराने समाधान झाले नाही, तर ३० दिवसांत त्याच कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते आणि त्याने ३९ दिवसांत निर्णय द्यायचा असतो. २०२४ च्या नियमांनी आणखी एक हक्क दिला. जिल्ह्यात सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद पडली, तर बिल भरणाऱ्याला भाड्यात सूट आणि प्रीपेडवाल्याला वाढीव मुदत मिळायला हवी.

मग कंपन्यांत फरक कशाचा? मुख्य म्हणजे तुमच्या घरातल्या रेंजचा. पारसिकच्या डोंगराच्या कुशीतली इमारत आणि पाम बीच रस्त्यावरचा टॉवर यांना एकच उत्तर लागू पडत नाही. शेजाऱ्याला विचारावे, शक्य तर त्याचे सिम आपल्या स्वयंपाकघरात आणून पाहावे. आणि नाहीच जमले, तर नंबर तोच ठेवून कंपनी बदलावी. जानेवारी २०११ पासून ही सोय देशभर आहे. पोर्ट असे लिहून पुढे आपला नंबर घालायचा आणि १९०० वर संदेश पाठवायचा, की एक संकेतांक येतो. तो घेऊन नव्या कंपनीकडे जायचे. त्याच परवाना क्षेत्रातला बदल कामकाजाच्या तीन दिवसांत व्हावा लागतो. अट एवढीच, की जुन्या कंपनीकडे ९० दिवस झालेले असावेत आणि बिल थकलेले नसावे.

पण सोडून जायचे तर जायला जागा हवी. मॅक्स टचचे ऑरेंज झाले, मग हच, मग व्होडाफोन, आणि आता वी. बीपीएलचे लूप झाले आणि नोव्हेंबर २०१४ मध्ये परवान्याची मुदत संपल्यावर ते नावही पुसले गेले. मुंबई-नवी मुंबईतल्या त्याच्या ग्राहकांना दुसरे घर शोधावे लागले. टाटा डोकोमो एअरटेलमध्ये विलीन झाले, एअरसेल बुडाले. आता तीन खासगी कंपन्या आणि एक सरकारी सेवा, एवढीच निवड उरली. दारे कमी झाली, की आहे त्या दारात उभे राहून हक्काने बोलता येणे अधिक मोलाचे ठरते.

हे बोलण्याचे बळ मध्यंतरी १३ वर्षे गेले होते. टेलिग्राफ कायद्यात लवादाची तरतूद आहे म्हणून टेलिफोनची तक्रार ग्राहक मंचात चालणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये म्हटले. खासगी कंपन्याही त्या निकालाचा आधार घेत राहिल्या. अहमदाबादच्या एका ग्राहकाचे बिल महिन्याला सरासरी ५५५ रुपये येई. २०१३ मध्ये एका महिन्याचे आले २४ हजार ६०९ रुपये. त्याने मंचात धाव घेतली आणि ‘तुला इथे येताच येणार नाही’ हा वाद थेट दिल्लीपर्यंत गेला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांच्या पीठाने निकाल दिला, की ग्राहकाला मंचाचे दार बंद नाही. आज पाच लाखांपर्यंतच्या व्यवहारासाठी जिल्हा ग्राहक आयोगात शुल्कही पडत नाही. १९७४ साली बिंदुमाधव जोशींनी पुण्यात ग्राहक पंचायतीची मुहूर्तमेढ रोवली, ती ज्या विश्वासावर, त्याला या निकालाने पुन्हा बळ दिले.

प्रश्न आता नुसत्या बोलण्याचाही राहिलेला नाही. बँकेचा ओटीपी, निवृत्तिवेतन, गॅसची नोंदणी, सगळे त्या एका नंबरावर येऊन बसले आहे. फोन हरवला आणि नवे सिम घेतले, तर पहिले २४ तास एसएमएस बंद राहतात. ही व्यवस्था चोरापासून वाचवण्यासाठी आहे, पण एकट्या राहणाऱ्या आजोबांना त्या दिवशी औषधाचे पैसे पाठवता येत नाहीत. म्हणून खात्याला नातलगाचा दुसरा मार्ग जोडलेला असावा आणि थोडी रोकड घरात असावी. हरवलेला हँडसेट निकामी करण्याची सोय सप्टेंबर २०१९ मध्ये प्रथम मुंबईतूनच सुरू झाली. आता ती ‘संचार साथी’वर देशभर आहे. तिच्यासाठी पोलिसांकडच्या तक्रारीची प्रत आणि फोनचा १५ आकडी आयएमईआय क्रमांक लागतो. स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबले, की तो पडद्यावर येतो.

गॅसचे पुस्तक, रेशनकार्ड, घरपट्टीच्या पावत्या आपल्या आया एका पिशवीत जपून ठेवत. त्या पिशवीत आता एक वही ठेवायला हवी. घरातल्या प्रत्येक फोनचा आयएमईआय, खरेदीचे बिल, वॉरंटीची तारीख, सर्व्हिस सेंटरची पावती आणि आजवर मिळालेले डॉकेट नंबर. हँडसेटच्या भांडणात बिल आणि पावती कामी येते, नेटवर्कच्या भांडणात डॉकेट नंबर. पुढच्या रविवारी मुलांना हाताशी घेऊन ही वही लिहून काढली, तर तासाभराचे काम आहे.