‘फट’ हा शब्द आणि हिरडीजवळचा त्रिकोण

‘दात साफ केले आणि फटी पडल्या’ ही तक्रार जऊळक्यासारख्या वऱ्हाडी गावी काही अपरिचित नव्हे. वाक्यातील ‘आणि’ केवळ कालक्रम सांगतो. श्रोता मात्र त्यात कार्यकारणभाव वाचतो, व दंतवैद्याकडे जाणे टाळतो.

वस्तुतः दोन दातांमधील हिरडीचे शंकूसारखे टोक रोगाने आधीच झिजलेले असते. ती जागा किटणाने व सुजेने भरलेली दिसते, इतकेच. किटण निघून सूज ओसरली की जुनी हानी उघडी पडते. ‘फट’ या एकाच शब्दानेही घोटाळा वाढतो. विरळ दातांची फट निराळी. येथे दात टोकाकडे भिडलेले असून हिरडीशी काळा त्रिकोण दिसतो.

टार्नो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये दाखविले की, दातांच्या स्पर्शबिंदूपासून हाडाच्या कडेपर्यंतचे अंतर ५ मिलिमीटर वा कमी असल्यास हिरडी ती जागा बहुधा पूर्ण भरते. ६ मिलिमीटरला हे प्रमाण ५६ टक्के, ७ ला अवघे २७.

झिजलेले हाड सहसा पूर्ववत होत नाही. म्हणून उपचारात आधी रोग थांबविणे व फटीत शिरणाऱ्या बारीक ब्रशाने रोजची सफाई; दातांच्या रंगाचा लेप देऊन अथवा तारेने दात सरकवून त्रिकोण लहान करणे त्यानंतर. किटण तसेच राखले तर फट झाकलेली राहते खरी, पण आत हाड झिजतच जाते आणि अखेर दात हलू लागतो. या वाक्यातला ‘आणि’ मात्र कार्यकारणाचाच आहे.