डिस्क शाबूत, आकडे उलटे

जुन्या यंत्रातली हार्ड डिस्क काढून दुसऱ्या संगणकाला जोडली, की पुष्कळदा पडद्यावर विचारणा होते: वापरण्यापूर्वी ही डिस्क फॉरमॅट करायची का? अनेक जण बिनदिक्कत 'हो' म्हणतात. पण डिस्क बिघडलेली असतेच असे नाही. कधी कधी तिच्यावरचे फोटो, हिशेब सारे जागच्या जागी असते. लिहिणाऱ्या यंत्राने आकडे एका टोकाकडून मांडलेले असतात आणि वाचणारे यंत्र ते दुसऱ्या टोकाकडून वाचत असते, एवढेच.

एका बाइटमध्ये ० ते २५५ एवढाच आकडा मावतो. ५१२ लिहायचे तर दोन बाइट लागतात: एकात २, दुसऱ्यात ०, कारण २ गुणिले २५६ म्हणजे ५१२. यातला आधी कोणता ठेवायचा? मोटोरोलाच्या ६८००० घराण्यातले प्रोसेसर मोठा भाग आधी ठेवत, इंटेलचे लहान भाग आधी ठेवतात. इंटेलच्या रीतीने लिहिलेले ५१२ मोटोरोलाच्या रीतीने वाचले, तर उरतात फक्त २! चार बाइटांत लिहिलेला १ तर १,६७,७७,२१६ होतो. सेक्टर म्हणजे डिस्कवरचा ५१२ बाइटांचा कप्पा. पहिल्या क्रमांकाच्या सेक्टरमध्ये लिहायला निघालेली प्रणाली अशा वेळी साडेआठशे कोटी बाइट पुढे जाऊन तिथे जे असेल ते पुसते. तक्रार कुठेच उमटत नाही, कारण दोन्ही आकडे वैधच असतात.

मराठी माणसाला यात नवल वाटू नये. आपण २५ लिहितो आणि 'पंचवीस' म्हणतो, म्हणजे पाच आधी. 'एकशे पंचवीस' म्हणताना मात्र शंभर आधी, मग पाच, मग वीस. युनिक्स जिच्यावर वाढली त्या पीडीपी-११ यंत्रावर मोठे आकडे अशाच मिश्र क्रमाने ठेवले जात. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून 'गलिव्हर्स ट्रॅव्हल्स'मध्ये लढाया होतात. तिथूनच डॅनी कोहेन यांनी १९८० मध्ये या दोन पक्षांसाठी 'बिग एंडियन' आणि 'लिटल एंडियन' ही नावे उचलली.

डिस्कवर क्रमाची पाटी लावलेली नसते. तो क्रम ठाऊक असणे हे डिस्क चालवणाऱ्या आज्ञावलीचे, म्हणजे ड्रायव्हरचे काम. स्कझी डिस्कला आज्ञा देताना मोठा भाग आधी, एनव्हीएमईला देताना लहान भाग आधी. हीच दक्षता फाइल व्यवस्थेलाही घ्यावी लागते. एक्सएफएस ही व्यवस्था सिलिकॉन ग्राफिक्सच्या यंत्रांवर जन्मली. म्हणून आजही इंटेल संगणक तिचे बहुतेक आकडे उलटवून वाचतो. मात्र उलटवायचे ते हिशेबाचे आकडेच. फोटोतल्या बाइटांना ड्रायव्हरने हात लावायचा नसतो.

खरी पंचाईत अटारी कंपनीच्या १९९२ सालच्या फाल्कन संगणकात होते. तिथे डिस्कच्या तारांची जोडणीच अशी, की बाइटांची प्रत्येक जोडी उलटी होते. 'नागपूर'चे 'गनारपू' व्हावे तशी. लिहिताना उलटे, वाचताना पुन्हा उलटे, त्यामुळे घरच्या घरी सारे आलबेल. डिस्क पीसीला लावली, की घोटाळा. लिनक्सच्या फाल्कन ड्रायव्हरला यात तारतम्य ठेवावे लागते: फाइलींचा मजकूर आहे तसा जाऊ द्यायचा, पण डिस्क स्वतःची ओळख सांगते तेव्हा ती सुलटी करून घ्यायची. पीसीवर लिहिलेली डिस्क फाल्कनला लावायची असेल, तर त्या डिस्कपुरता मजकूरही उलटवण्याची सोय त्यात आहे. हा निर्णय यंत्राला आपोआप घेता येत नाही, माणसालाच सांगावा लागतो.

तेव्हा फॉरमॅटच्या विचारणेला आधी 'नाही' म्हणावे आणि डिस्कची सेक्टरगणिक पूर्ण प्रत काढावी. लिनक्समधल्या 'डीडी' या आज्ञेत 'स्वॅब' नावाचा पर्याय आहे. तो बाइटांच्या जोड्या उलटवतो. प्रयोग त्या प्रतीवर करावा, मूळ डिस्क बाजूला काढून ठेवावी.