बॅटरी नवी, तरी गाडी ठप्प!

कामशेतचा बोगदा ओलांडला आणि वायपर दमल्यासारखे हलायला लागले. रविवारची रात्र, धो धो पाऊस, शेजारी आई. मग हेडलाइट पिवळे पडले. डॅशबोर्डवर बॅटरीच्या चित्राचा लाल दिवा. तसा तो आठवडाभर लुकलुकत होताच, पण ऑफिसच्या घाईत असले दिवे बघतो कोण? शिवाय चारच दिवसांपूर्वी नवी कोरी बॅटरी टाकलेली!

एसी बंद, गाणी बंद. तरी थोड्याच वेळात इंजिनानं मान टाकली. गाडी कशीबशी कडेला घेतली आणि आईला घेऊन कठड्यापलीकडे भिजत उभा राहिलो. ट्रक सुसाट जात होते. आई एक शब्द बोलली नाही. तेच जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी पुण्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांनी पहिला प्रश्न विचारला, "बॅटरी बदलण्याआधी व्होल्टेज मोजलं होतं का?" मी गप्प.

गणित सोपं आहे. गाडी बंद असताना चांगली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू झालं की अल्टरनेटर तिला चार्ज करतो आणि आकडा साधारण 13.8 ते 14.4 वर जातो. काकांनी बॅटरी चार्ज करून गाडी सुरू केली. आकडा 12.2! हेडलाइट लावले, आणखी खाली. म्हणजे गाडी नुसती बॅटरीवर धावत होती. ती संपली, गाडी संपली.

बेल्टचा ताण ठीक होता. अल्टरनेटर खोलला, तर आतले कार्बन पार झिजलेले. नुसते कार्बन बदलून भागलं असतं, पण बेअरिंगही घरघरत होतं. रिपेअर केलेला स्वस्तात मिळत होता. आईचा तो भिजलेला चेहरा आठवला आणि नवाच घेतला. काकांनी आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढली, मग बेल्ट सैल केला. बाकी काम तासाभराचं. (चालू इंजिनावर बॅटरीची वायर काढून 'टेस्ट' करणारा महाभाग भेटला, तर सरळ पळ काढा. गाडीतलं इलेक्ट्रॉनिक्स जळू शकतं.)

आता डिजिटल मल्टीमीटर गाडीतच असतो. परवा लोणावळ्याला निघताना मी बॉनेट उघडलं, तर आई दारातूनच ओरडली, "किती आला रे?"

"14.1!"

मगच ती गाडीत बसली.