मुठीचे रबर का घसरत नाही?

मे महिन्यात सोलापुरात पारा ४० अंशांवर जातो. अशा उन्हाने आणि हवेतील ऑक्सिजनने मोटारसायकलच्या मुठीचे रबर कडक होऊन भेगाळते. नव्या रबराचे छिद्र मुद्दाम नळीपेक्षा किंचित लहान असते. ताणलेले रबर नळीला आवळते. घर्षण त्याला हलू देत नाही.

मग ते चढवायचे कसे? आत साबणाचे पाणी लावा. घर्षण घटते, रबर सरकते. पाणी सुकताच पकड परत येते. तेल मात्र सुकत नाही, म्हणून ते वापरू नये. उजवी मूठ अ‍ॅक्सिलरेटरची. तिचे रबर घसरले, तर मनगट फिरते, पण वेग आपल्या ताब्यात राहत नाही. म्हणून इंजिन बंद ठेवून मूठ पिळून पाहावी, मगच गाडी रस्त्यावर न्यावी.